मॉन्स्टर मॅन्युअल वाचायचं कसं (पहिल्या पानापासून नाही, एवढं नक्की)

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या खेळातलं, मॉन्स्टरची माहिती देणारं हे पुस्तक घरी आलं की नवीन डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) पहिलं काय करतो, तर ड्रॅगनची पानं उघडतो. मीपण तेच केलं होतं. एन्शंट रेड ड्रॅगन, हिट पॉइंट (किती मार सोसतो) ५४६, आर्मर क्लास (त्याला फटका लागणं किती अवघड) २२, वाचून अंगावर काटा आला, नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं, आणि तो ड्रॅगन आजपर्यंत आमच्या टेबलावर एकदाही आलेला नाहीये. कारण सरळ आहे, त्याच्याशी भिडायच्या लेव्हलपर्यंत आमचं कुठलंच कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) पोचत नाही, मधेच कुणाचं लग्न ठरतं, कुणाला ऑनसाइट मिळतं, की झालं. आमचा खरा खेळ होतो लेव्हल १ ते ५ मधे, गॉब्लिन, कोबोल्ड, स्केलेटन, ओगर असल्या किरकोळ मंडळींबरोबर, आणि नेमकी तीच पानं मी भराभर उलटलेली होती.

तर हे त्या पानांबद्दल. आकडे देतेय ते डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले, कारण आमच्याकडे तेच आहे, कोपरे दुमडलेलं आणि एका पानावर चहाचा डाग असलेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत नवीन आलं, त्यात ५०० च्या वर मॉन्स्टर आहेत, बरंच काही बदललंय (गॉब्लिन आता ह्युमनॉइड म्हणजे माणसाच्या जातकुळीतला नाही राहिला, फे म्हणजे परीकुळातला झालाय), पण वाचायची पद्धत तीच लागते. तुमच्याकडे नवीन असेल तर आकडे तुमच्या पुस्तकातले घ्या.

आधी माझी फजिती सांगते. लेव्हल ३ चे चार जण, एक पडका किल्ला, आणि तळघरात मी दोन शॅडो (सावलीसारखी भुतं) ठेवलेले. हिशोब केला होता हं मी, असं नाही. शॅडोचं चॅलेंज रेटिंग (सीआर, म्हणजे किती अवघड) १/२, एकाचे १०० एक्सपी (अनुभवाचे गुण), दोन असले की दीडपट धरायचे म्हणजे ३००, आणि लेव्हल ३ च्या चौघांसाठी इझी लढाईचा आकडा ७५ गुणिले ४, म्हणजे ३००. बरोब्बर इझी. मी निवांत, बशीतला चिवडा खातेय. मामेभावाचा विझर्ड (जादूगार), २० हिट पॉइंट, स्ट्रेंग्थ (ताकद) ८, कारण विझर्डला स्ट्रेंग्थ देतो कोण. पहिला फटका ६ चा, दुसरा ७ चा, उरले ७, अजून काही बिघडलं नव्हतं. मग मी शॅडोच्या फटक्याखालची पुढची ओळ वाचली, मोठ्याने, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, की दर फटक्याला स्ट्रेंग्थ १डी४ ने (चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढी) कमी होते आणि शून्याला आली की माणूस मेला. आता दोन्ही फटक्यांचे राहिलेले डाइस टाकणं आलं. टाकला, ४. परत टाकला, ४.

हिट पॉइंट शिल्लक, डेथ सेव्ह (मरता मरता वाचायची संधी) वगैरे काही नाही, सरळ गेला. आणि त्याच्या खाली अजून एक ओळ, की १डी४ तासांनी त्या मेलेल्याचाच नवीन शॅडो उठणार. मामेभाऊ दोन रविवार आला नाही.

तेव्हापासून मी स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरच्या आकड्यांची चौकट) वरून खाली वाचतच नाही. आर्मर क्लास, हिट पॉइंट वर ठळक छापलेले असतात म्हणून तेच मुख्य वाटतं, पण त्यातून फक्त लढाई किती वेळ चालेल एवढंच कळतं. कशी होईल ते खालच्या अर्ध्यात असतं, बारीक अक्षरात. तिथे जायचं आणि एकच ओळ शोधायची, जी खोडली तर हा मॉन्स्टर आणि शेजारच्या पानावरचा मॉन्स्टर यात काही फरकच उरणार नाही. सापडली की पेन्सिलने खूण करायची. पुस्तकावर लिहायला जिवावर येत असेल तर चिकटवायची पिवळी चिठ्ठी लावा, पण खूण हवीच, कारण खेळ सुरू असताना पाच जण एकदम बोलत असतात आणि तेव्हा बारीक अक्षर कुणालाच दिसत नाही.

गॉब्लिन घ्या. आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७, सिमिटर (वाकडी तलवार) +४, सरासरी डॅमेज ५, शॉर्टबोचंही तेच, सीआर १/४. एवढंच वाचून खेळवला की काय होतं, गॉब्लिन रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, फायटर येतो, एकेका फटक्यात एकेक आडवा, आणि प्लेयर लोक मोबाइल बघायला लागतात. आता ती ओळ बघा, निंबल एस्केप, म्हणजे दर टर्नला बोनस ॲक्शनमधे (नेहमीच्या ॲक्शनशिवाय जास्तीची छोटी) याला डिसएंगेज (मार न खाता बाजूला होणं) किंवा हाइड (लपणं) करता येतं. आणि वरती स्किलमधे स्टेल्थ (लपण्याचं कसब) +६. म्हणजे हा उभा राहून मार खाणारा प्राणीच नाहीये! हा झाडामागून बाण मारणार आणि त्याच टर्नमधे परत दडणार. तुमच्या फायटरचं पॅसिव्ह परसेप्शन (मुद्दाम न शोधता किती लक्षात येतं) ११ असेल तर डी-ट्वेंटीच्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) वीसपैकी पंधरा आकड्यांना तो त्याला दिसणारच नाही, आणि न दिसणाऱ्याने मारलेल्या बाणाला ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा) मिळतो. शॉर्टबो ८० फुटांवरून नीट लागतो, फायटर एका टर्नला चालतो ३० फूट, धापा टाकत तो त्या झाडापाशी पोचतो तर बाण दुसऱ्याच झाडामागून येतोय. रात्र असेल तर विचारूच नका, गॉब्लिनला अंधारात ६० फूट दिसतं आणि आपल्यातल्या ज्याचं पात्र साधा माणूस आहे त्याने हातात पेटता टॉर्च धरलाय, म्हणजे नेम कुणावर ते ठरलंच. सरळ सरळ गनिमी कावा आहे, आपल्याला वेगळा शिकवायला नको.

फक्त असे हुशार गॉब्लिन खेळवायचे तर संख्या बघा. लेव्हल १ च्या चौघांसमोर चार गॉब्लिन म्हणजे ५० गुणिले ४, वर तीन ते सहा मॉन्स्टर असले की दुप्पट, झाले ४००, आणि डेडलीचा आकडा १०० गुणिले ४, तोसुद्धा ४००. पहिल्याच रविवारी सगळ्यांना मारायचं नसेल तर तीन टाका, ३०० होतात, हार्डवर बसतं. हा दीडपट-दुप्पटचा गुणाकार २०२४ च्या नियमांत काढून टाकलाय, तिथे नुसती बेरीज, पण खरं सांगायचं तर कुठल्याही आकड्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका, शॅडोचं बघितलंत ना.

ओगरचं उलटं. त्याचा ब्लॉक कितीही वेळा वाचा, अशी खास ओळ सापडतच नाही. हिट पॉइंट ५९, आर्मर क्लास फक्त ११, सोटा सरासरी १३ चा, इंटेलिजन्स ५. मग हाच ५ धरायचा. एवढ्या मंद माणसाला फसवता येतं, घाबरवता येतं, खायला देऊन वाटेला लावता येतं, आणि प्लेयरनी तसं काही सुचवलं तर चालू द्या. कारण सरळ मारामारीत तो एकटाच ४५० एक्सपीचा आहे, म्हणजे लेव्हल १ च्या चौघांसाठी डेडलीच्याही पुढे, आणि ७ हिट पॉइंटच्या विझर्डला एकदम १४ लागले की तो जागच्या जागी खलास, बेशुद्ध वगैरे भानगडच नाही. मी ओगर दाखवते तेव्हा आधी त्याला कुठेतरी शेळी खाताना दाखवते. बाकीचं प्लेयर बघून घेतात.

तयारी म्हणजे फार काही नाही. एका सेशनला तीन मॉन्स्टर पुरतात, जास्त काढू नका. प्रत्येकाचं पाठकोऱ्या कागदावर पाव पान. वर त्याला हवंय काय ते, मग ती खूण केलेली ओळ आपल्या शब्दांत, आणि खाली तीन राउंड. माझा गॉब्लिनचा कागद असा आहे: ‘हवंय: खेचर, त्यावरच्या पोत्यांसकट. मारून परत लपतात. राउंड १ टॉर्चवाल्याला बाण. राउंड २ जागा बदल, चिलखत नसलेल्याला बाण, एक जण खेचराची दोरी कापतो. राउंड ३ खेचर मिळालं की पळ.’ बस. हे ‘हवंय काय’ लिहिलं नाही तर प्रत्येक मॉन्स्टर शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढत बसतो, आणि असं कुठला प्राणी करतो सांगा, गल्लीतलं कुत्रंसुद्धा दोन दगड पडले की शेपूट घालतं.

त्यावरून, पळायचं कधी यासाठी जुन्या काळातली एक गोष्ट उचला. १९८१ च्या बेसिक आणि एक्स्पर्ट सेटमधे प्रत्येक मॉन्स्टरला मोराल (हिंमत) नावाचा आकडा असायचा. त्यांच्यातला पहिला मेला की, आणि अर्धे पडले की परत एकदा, २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) टाकायचे, मोरालपेक्षा जास्त आलं तर पळ नाहीतर शरण. गॉब्लिनचा ७, ओगरचा १०. ट्रोलचा १०, पण समोर आग किंवा ॲसिड असेल तर ८, कारण त्याच्या जखमा भरून येणं त्या दोन गोष्टींनीच थांबतं आणि ते त्यालाही माहितीये. एका आकड्यात अख्खा स्वभाव! हे आताच्या पुस्तकात का नाही मला कळत नाही, आम्ही तर सर्रास वापरतो, आणि लढाया आमच्या निम्म्या वेळात संपतात. वर एखादा गॉब्लिन जिवंत हाती लागतो आणि मग त्याच्याशी गप्पांत दीड तास जातो, म्हणजे वेळ काही वाचत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता दुसरी डोकेदुखी, ज्याने पुस्तक पाठ केलंय असा प्लेयर. प्रत्येक टेबलावर एक असतोच. तुम्ही ‘ट्रोल’ म्हणायचा अवकाश, हा तेलाची बाटली काढतो. यावर पहिला उपाय म्हणजे नाव घ्यायचंच नाही, वास सांगा, आवाज सांगा, ओलसर हिरवी कातडी सांगा. दुसरा उपाय म्हणजे आकडे तेच ठेवून कातडं बदला. मी विल-ओ-विस्प (रानात भरकटवणारा तरंगता दिवा) घेतला, आर्मर क्लास १९, हिट पॉइंट २२, अदृश्य होतो, विजेचा झटका २डी८ चा, आणि त्याचा केला चकवा. आजीकडून ऐकलेला तोच, रात्री रानात रस्ता चुकवतो, माणूस गोल गोल फिरून परत त्याच आंब्याखाली येतो. दिवा दाखवलाच नाही, नुसतं दर वेळी ‘तुम्ही परत त्याच झाडापाशी आलात’ म्हणत राहिले. पुस्तक पाठ असलेला गडी पण गप्प, आणि ऑफिसमधली एक मैत्रीण, जी कोकणातली आहे, ती म्हणाली मला घरी जायचंय.

आपली भुतं पुस्तकात शोधायला गेलात तर एक जण आधीच बसलेला सापडेल, राक्षस. तो १९७७ च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमधेच आहे, ११२ पानांचं होतं ते, आणि त्यात राक्षस म्हणजे वाघाचं तोंड असलेला, खुर्चीत बसून पाइप ओढणारा साहेब! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसूच आलं, आपण गणपतीच्या देखाव्यात बघतो त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण नीट वाचलं तर रूप बदलणं आहे, गोड बोलून घरात शिरणं आहे, म्हणजे मारीच त्यात कुठेतरी आहेच. २०१४ च्या पुस्तकात तो सीआर १३ आहे, तळहात उलटे, सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल (मंत्र) त्याची इच्छा नसेल तर लागतच नाहीत, आणि चांगल्या मनाच्या माणसाने जादूचं टोकदार हत्यार खुपसलं तर दुप्पट डॅमेज. असा मॉन्स्टर तळघरात ठेवून वाया घालवू नका. त्याला सावकार करा, नगरशेठ करा, चार सेशन त्याच्याकडे जेवायला पाठवा, आणि मग एक दिवस तो हात पुढे करतो तेव्हा तळवा कुठल्या बाजूला आहे ते सांगा.

विकत काय घ्यायचं, तर लगेच काहीच नाही. पाचव्या एडिशनचा एसआरडी (मूळ नियमांचा संच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे, गॉब्लिन, ओगर, ट्रोल, शॅडो, राक्षस, ड्रॅगन सगळे त्यात मिळतात, बीहोल्डर आणि माइंड फ्लेयर तेवढे नाहीत. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाचे मॉन्स्टर आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात. छापील पुस्तक चित्रांसाठी घ्यायचं, आणि सहा महिने खेळून झाल्यावर. मिनिएचर (टेबलावर ठेवायच्या छोट्या मूर्ती) तर मुळीच घेऊ नका, शेंगदाणे चालतात, मेला की खाऊन टाकायचा.

किंवा तुळशीबागेत जा. थट्टा नाही, रस्ट मॉन्स्टर (लोखंडाला गंज चढवून खाणारा), आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) आणि बुले (Bulette, जमिनीखालून येणारा) हे तिघेही हाँगकाँगमधे बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून आलेत. पिशवीत डायनासोर म्हणून काहीतरी विचित्र आकार निघाले, हा खेळ बनवणाऱ्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, त्याने ते टेबलावर ठेवले आणि पुढे प्रत्येकाचं एकेक पान झालं. मी मागच्या महिन्यात तिथून प्लास्टिकच्या प्राण्यांची एक पिशवी आणली, त्यात एक जांभळा, सहा पायांचा, पाणघोड्याच्या तोंडाचा निघाला, देव जाणे काय आहे. त्याला आकडे दिले रस्ट मॉन्स्टरचे, हिट पॉइंट २७, आर्मर क्लास १४, ३० फुटांवरून लोखंडाचा वास घेतो. मग एकच शब्द बदलला, लोखंडाऐवजी कागद. टेबलावर ठेवला आणि म्हटलं, तो थांबलाय, नाक वर करून हुंगतोय. मामेभावाने, त्याचा हा नवीन विझर्ड बरं का, माझ्याकडे बघितलं, त्या जांभळ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, मी स्पेलबुक (मंत्रांचं पुस्तक) शर्टाच्या आत घालतो. मी म्हटलं, रोल मार.