मूल बोलत नाही म्हणून तपासणीला नेताना

‘मुलगे उशिराच बोलतात’ किंवा ‘त्याचा काकाही चौथ्या वर्षी बोलायला लागला’ असे घरातले कोणी ना कोणी म्हणतेच. त्यावर वाद न घालता अपॉइंटमेंट घ्यावी. दीड वर्षाचे मूल अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, खिडकीतला कावळा बोटाने दाखवून आपल्याकडे पाहत नसेल, किंवा दोन वर्षे होऊनही ‘आई ये’ यासारखे दोन शब्द जोडत नसेल, तर तपासणी करून घेणे योग्य ठरते. येत असलेले शब्द बोलणे मुलाने थांबवले असेल, तर मात्र एक आठवडाही थांबू नये.

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करावी. लसीकरणाच्या गर्दीत ‘बोलत नाही’ एवढेच सांगितले तर विषय तिथेच संपतो, म्हणून मूल काय करते आणि काय करत नाही हे तारखांसह लिहून न्यावे. जेवताना, खेळताना आणि हाक मारल्यावर ते कसे वागते याचे मिनिटभराचे दोन-तीन व्हिडिओ मोबाइलमध्ये असावेत, कारण दवाखान्यात मूल बहुधा रडते किंवा गप्प बसते. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांमध्ये ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता पाहण्यासाठी एम-चॅट-आर ही वीस प्रश्नांची चाळणी वापरतात, पण तिच्यावरून निदान होत नाही. पुढे विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे, जाण्यासाठी चिठ्ठी मागावी. ‘तीन वर्षांचा होऊ द्या’ असे उत्तर मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

श्रवणतपासणी मात्र टाळू नये. कुकरची शिट्टी ऐकून मूल दचकते म्हणजे त्याला नीट ऐकू येते, हा समज चुकीचा आहे. कानाच्या पडद्यामागे पाणी साठले असेल तर मोठे आवाज पोहोचतात, पण बोलण्यातले बारीक आवाज विरतात. आवाजाला श्रवणनस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणाऱ्या बेरा तपासणीसाठी लहान मूल झोपलेले असावे लागते, आणि नेमके ते लोकलमध्ये आईच्या खांद्यावर झोपून स्टेशन येताच टक्क जागे होते. तेव्हा प्रवासात त्याला जागे ठेवण्याची तयारी करूनच निघावे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा व श्रवणाची तपासणी होते. केईएम, सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांच्या बालरोग ओपीडीत केस पेपर काढून सुरुवात करता येते. परळचे वाडिया रुग्णालय तर मुलांचेच आहे.

मूल्यमापन एका भेटीत क्वचितच संपते. वाचोपचार (स्पीच थेरपी) किंवा ऑक्युपेशनल थेरपी (खेळ आणि रोजची कामे जमावीत यासाठीचे उपचार) सुरू करण्यासाठी अंतिम निदानाची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत ‘आजपासून घरी काय करू?’ असे विचारून उत्तर वहीत लिहून घ्यावे.