परसबागेतील बटाटा : बेण्याच्या निवडीपासून साठवणीपर्यंत

बटाटा जमिनीखाली तयार होतो म्हणून त्याला मूळ समजले जाते. प्रत्यक्षात तो खोडाचाच फुगलेला भाग आहे. झाडाच्या जमिनीखालील खोडातून पांढऱ्या, आडव्या फांद्या फुटतात आणि पानांनी तयार केलेले अन्न त्यांच्या टोकाशी साठत गेले की ती टोके फुगून बटाटे होतात. बटाट्यावरचे डोळे म्हणजे खोडावरची पेरेच होत, आणि म्हणूनच त्यांतून कोंब निघतात. या आडव्या फांद्या अंधारात राहिल्या तर बटाटे धरतात. त्यांना उजेड मिळाला तर त्या वर वळतात, पाने काढतात आणि त्या फांदीपुरता बटाटा हातचा जातो. परसबागेत बटाटा लावणाऱ्याने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढची बहुतेक कामे कशासाठी करायची हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

लागवडीची वेळ ठरवताना महिना पाहण्यापेक्षा तापमान पाहावे. पाला उबदार दिवसांत जोमाने वाढतो, परंतु बटाटे धरण्यासाठी गारवा लागतो. १५ ते २० अंश सेल्सियसच्या आसपास बटाटे उत्तम पोसतात. मातीचे तापमान ३० अंशांच्या वर गेले की बटाटे धरणे जवळजवळ थांबते, मग वर पाला कितीही हिरवागार दिसो. त्यामुळे उष्ण प्रदेशात पुढचे तीन ते चार महिने हवा थंड राहील अशा बेताने लागवड करावी, तर जिथे हिवाळ्यात दव गोठते तिथे कडाक्याची थंडी ओसरून माती किमान ८ ते १० अंशांपर्यंत तापल्यावर करावी. कोवळा पाला गोठलेल्या दवाने काळवंडतो. जमिनीखालच्या डोळ्यांतून झाड पुन्हा फुटू शकते, पण त्यात हंगामाचे काही आठवडे वाया जातात.

स्वयंपाकघरातल्या टोपलीत कोंब फुटलेला बटाटा मातीत पुरला तर झाड येते, हे खरे आहे, आणि केवळ हौस म्हणून एखाद्या कुंडीत तसे करायला हरकत नाही. मात्र वाफ्यासाठी असे बटाटे वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बटाट्यांवर पुष्कळदा कोंब रोखणारी प्रक्रिया केलेली असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्यात विषाणू किंवा मर रोगाचे जिवाणू असू शकतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. विषाणू बेण्यातून, म्हणजे लागवडीसाठी वापरलेल्या बटाट्यातून, पुढच्या पिकात उतरतात आणि उत्पादन हळूहळू घटवतात. मर रोग तर मातीतच ठाण मांडतो. म्हणून प्रमाणित, रोगमुक्त बेणे विकत घ्यावे. कोंबडीच्या अंड्याएवढा, साधारण ४० ते ५० ग्रॅम वजनाचा अखंड बटाटा बेणे म्हणून सर्वांत सोयीचा. पहिल्यांदा लावणाऱ्याने लवकर तयार होणारा वाण निवडावा, कारण पीक जितके कमी दिवस जमिनीत राहील तितका रोग-किडींना वाव कमी.

ताजा काढलेला बटाटा दोन-तीन महिने सुप्तावस्थेत असतो आणि त्या काळात लावला तर तो नुसताच मातीत पडून राहतो, प्रसंगी कुजतो. बेणे आणल्यावर ते पसरट खोक्यात एका थरात, जास्त डोळे असलेली बाजू वर करून, थंड आणि हवेशीर जागी मंद उजेडात मांडून ठेवावे. तीन ते सहा आठवड्यांत त्याला दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे आखूड, जाड, हिरवट किंवा जांभळट कोंब येतात. अंधारात ठेवलेल्या बटाट्याला येणारे लांब, पांढरे, लुसलुशीत कोंब लागवडीच्या वेळी हमखास मोडतात. बेणे मोठे असेल तर प्रत्येक तुकड्यावर किमान दोन डोळे राहतील असे कापावे, सुरी स्वच्छ असावी, आणि कापलेली बाजू सुकून तिच्यावर कोरडा पापुद्रा धरेपर्यंत तुकडे दोन-तीन दिवस सावलीत ठेवावेत. माती ओलसर आणि हवा उबदार असेल तर कापण्याच्या फंदात पडू नये. अशा वेळी अखंड बेणेच टिकते.

जागा दिवसातून किमान सहा तास ऊन मिळणारी हवी. माती भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. भारी, चिकट मातीत बटाटे वेडेवाकडे होतात आणि पाणी साचले की सडतात. फावड्याने २५ ते ३० सेंटिमीटर खोल खणून ढेकळे फोडावीत, दगड वेचून काढावेत आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. ताजे शेण घालू नये. बटाट्याला किंचित आम्ल माती मानवते. सामू, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा पीएच, ५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. माती अल्कधर्मी असेल तर सालीवर खरबरीत खपल्या पडण्याचा रोग वाढतो, आणि म्हणून इतर भाज्यांना उपयोगी पडणारा चुना किंवा लाकडाची राख या वाफ्यात टाकू नये. टोमॅटो, वांगी आणि मिरची ही बटाट्याच्याच कुळातली पिके असल्याने त्यांचे रोगही बऱ्याच अंशी सामाईक आहेत. गेल्या तीन वर्षांत यांपैकी काही लावलेली जागा शक्यतो टाळावी.

माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की १० ते १५ सेंटिमीटर खोल चर काढून त्यात २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर, कोंब वरच्या दिशेला ठेवून, बेणे मांडावे आणि मातीने झाकावे. दोन ओळींत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर सोडावे. हे अंतर सुरुवातीला उधळपट्टी वाटते, परंतु पुढे झाडांना लावायची माती याच मोकळ्या जागेतून ओढून घ्यायची असते. लागवडीनंतर हलके पाणी द्यावे आणि उगवण होईपर्यंत माती चिखलासारखी ओली होऊ देऊ नये. दोन ते चार आठवड्यांत रोपे वर येतात. थंड मातीत थोडा अधिक वेळ लागतो.

झाडे १५ ते २० सेंटिमीटर उंच झाली की दोन्ही बाजूंनी माती ओढून खोडाचा खालचा निम्मा भाग झाकावा, आणि दोन-तीन आठवड्यांनी तसेच पुन्हा करावे, म्हणजे शेवटी २० ते २५ सेंटिमीटर उंचीचा वरंबा तयार होतो. बटाट्याच्या साऱ्या मशागतीत मातीची भर लावणे हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. आडव्या फांद्या अंधारात राहतात, तण दबते, पावसाचे पाणी सरीतून निघून जाते, आणि मुख्य म्हणजे पोसणारे बटाटे उघडे पडत नाहीत. उजेड लागलेला बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण त्याच्याबरोबरच सोलॅनिनसारखी विषारी, कडवट द्रव्ये वाढतात, आणि ती उकडल्याने नष्ट होत नाहीत. भर लावताना कुदळ खोडाच्या अगदी जवळ चालवू नये. बारीक मुळे आणि कोवळ्या फांद्या वरच्या थरातच असतात. माती कमी पडत असेल तर वाळलेले गवत किंवा पेंढा यांचा जाड थर द्यावा, त्याने माती गारही राहते. थर इतका दाट असावा की उजेड आत शिरणार नाही, आणि वाऱ्याने वा पावसाने तो विस्कटला की लगेच सारखा करावा.

येथे एका समजुतीबद्दल सांगितले पाहिजे. खोड जितके उंच मातीत झाकत जावे तितके बटाट्यांचे नवनवे थर येतात, असे सांगून उंच पिंप, टायर किंवा पेट्या एकावर एक रचण्याचा सल्ला दिला जातो. बहुतेक वाणांत बटाटे लावलेल्या बेण्याच्या किंचित वर, एका मर्यादित पट्ट्यातच धरतात. त्यामुळे मीटरभर उंचीच्या पिंपात वरच्या भागात बहुधा नुसती मातीच सापडते. जागा नसेल तर ३० ते ४० लिटर मातीची पिशवी किंवा कुंडी पुरेशी आहे. तळाशी पाणी निघण्याची छिद्रे असावीत, १५ सेंटिमीटर माती-कंपोस्टच्या मिश्रणावर दोन किंवा तीन बेणी ठेवून ती तेवढ्याच मिश्रणाने झाकावीत, आणि झाड वाढेल तशी कुंडी काठापर्यंत भरत न्यावी. कुंडीतली माती लवकर तापते आणि लवकर सुकते, म्हणून दुपारच्या कडक उन्हात तिच्या बाजूंना सावली मिळेल अशी सोय करावी.

पाण्याच्या बाबतीत प्रमाणापेक्षा सातत्य मोलाचे. मुळे उथळ असल्याने झाडाला आठवड्याला साधारण २५ ते ४० मिलिमीटर पाणी लागते. बटाटे धरू लागतात त्या सुमारास, म्हणजे अनेक वाणांत कळ्या दिसू लागतात तेव्हा, ताण बसला तर बटाट्यांची संख्याच घटते. माती कोरडी ठणठणीत होऊ द्यायची आणि मग भरपूर पाणी सोडायचे, असे झाले की बटाट्यांना भेगा पडतात, गाठी येतात, काहींच्या आत पोकळी धरते. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे, पाला भिजवू नये. नत्राचाही (नायट्रोजनचा) अतिरेक टाळावा. त्याने पाला माजतो आणि बटाटे उशिरा धरतात. पालाश (पोटॅश) मात्र या पिकाला भरपूर लागते. काही वाण फुलतच नाहीत, त्यामुळे फुले न आल्यास काळजीचे कारण नाही; आणि फुलांनंतर लहान हिरव्या टोमॅटोसारखी दिसणारी फळे लागली तर ती विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

रोगांत सर्वांत धोकादायक म्हणजे उशिरा येणारा करपा. आयर्लंडमध्ये १८४५ पासून जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या मुळाशी हाच रोग होता. थंड, ढगाळ, दमट हवेत पानांवर पाणी शोषल्यासारखे काळपट डाग पडतात, पानाच्या खालच्या बाजूला पांढरट बुरशी दिसते आणि काही दिवसांत सारा पाला कोलमडतो. दोन-चार पानांवर असतानाच ती काढून नष्ट करावीत. रोग पसरलाच तर पाला जमिनीलगत कापून दूर न्यावा आणि दोन आठवड्यांनी खणावे, म्हणजे बीजाणू काढणीच्या वेळी बटाट्यांवर पडत नाहीत. किडींपैकी मावा रस शोषतोच, शिवाय विषाणू पसरवतो, म्हणून पानांची खालची बाजू वरचेवर पाहावी. बटाट्याच्या पाकोळीची अळी उघड्या किंवा भेगाळलेल्या मातीतून बटाट्यापर्यंत पोहोचते. भर नीट असली की तिचा मार्ग बराचसा बंद होतो.

लहान, कोवळ्या सालीचे बटाटे हवे असतील तर लागवडीपासून सुमारे दहा आठवड्यांनी वरंब्याच्या कडेने हात घालून चार-दोन काढून घ्यावेत आणि माती पुन्हा सारखी करावी. साठवणीसाठी मात्र पाला पिवळा पडून लवू लागेपर्यंत थांबावे. वाणानुसार याला ९० ते १२० दिवस लागतात. मग पाणी तोडावे, पाला कापावा आणि बटाटे १० ते १४ दिवस जमिनीतच राहू द्यावेत. अंगठ्याने घासल्यावर साल सुटत नसेल तर ती पक्की झाली असे समजावे. कोरड्या दिवशी, झाडापासून ३० सेंटिमीटर दूर खणती खुपसून खालून माती उचलावी. थेट बुंध्यावर घाव घातला तर सर्वांत मोठा बटाटाच चिरतो.

काढलेले बटाटे सावलीत दोन-तीन तास सुकवावेत, माती हाताने झटकावी, पण धुऊ नयेत. त्यानंतर १० ते १५ अंश तापमानाच्या दमट, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ते दोन आठवडे ठेवले की किरकोळ खरचटे भरून येतात. चिरलेले आणि टोचलेले बटाटे वेगळे काढून आधी संपवावेत. फार हिरवे झालेले टाकून द्यावेत. साठवणीला शक्य तितकी गार, अंधारी जागा निवडावी आणि पोती किंवा टोपल्या हवा खेळेल अशा ठेवाव्यात. चार अंशांच्या खाली पिठूळ द्रव्याची साखर होऊ लागते आणि असे बटाटे तळताना काळपट होतात, म्हणून ते फ्रिजमध्ये कोंबू नयेत. दर आठवड्याला ढीग चाळून मऊ पडलेला बटाटा लगेच बाजूला करावा. वाफ्यात राहून गेलेले बारीक बटाटेही काढणीच्या सुमारासच वेचून घ्यावेत, नाहीतर पुढच्या हंगामात ते दुसऱ्या पिकात आपोआप उगवतात आणि जुने रोग सोबत आणतात.