आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी छत बघून घ्या (खान्देशात नवीन आलेल्यांसाठी)

मी मूळचा चिपळूणकडचा, नोकरीपायी भुसावळला आलो त्याला आता २१ वर्षं झाली. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, वरणगावच्या आयुध कारखान्यात बदली होऊन नवीन माणसं येतात, घर बघायला बरोबर चला म्हणतात, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, पाणी किती दिवसाआड येतं, शाळा कुठली चांगली, ऊन खरंच एवढं असतं का. छताचं कोणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे सातशेच्या आसपास, मग छताची कसली काळजी असं वाटलं होतं मला.

पहिलं घर भाड्याचं होतं, दोन खोल्या, वर पत्रे. मे संपत आलेला, संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील, आभाळ एकदम मातकट झालं, मग धूळ आली, मग वारा असा सुटला की दार लावायला दोघांनी जोर लावला तरी लागेना. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ सगळा. तीन पत्रे गेले, त्यातला एक समोरच्या लिंबाच्या झाडात अडकलेला सापडला. लेकराला घेऊन बायको पलंगाखाली होती, ते अजून आठवतं मला. पाऊस तर नंतर आला, तोही जेमतेम. दुसऱ्या दिवशी मी मान वर करून उभा होतो तर शेजारचे आप्पा आले, म्हणाले, "काय पाहू राहिले भाऊ? इथे पत्रा पाण्यानं नाही जात, वावधनानं जातो." वावधन म्हणजे वादळ, हा शब्द आल्याआल्या शिकून घ्या, मे-जूनमध्ये रोज कानावर पडेल. रावेर-यावलकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या करणारं ते हेच.

तर पत्र्याचं घर घेत असाल तर गळतं का हे नंतर विचारा, आधी पत्रा कशानं धरलाय ते बघा. वारा वरून दाबत नाही, तो पत्र्याखाली शिरून वर उचलतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडांना आणि कोपऱ्यांना बसते. त्यात दार-खिडकी उघडी राहिली की घरात शिरलेला वारा आतून ढकलतो, म्हणजे वरून ओढ आणि खालून धक्का. म्हणून मधे स्क्रू लांब लांब असले तर एकवेळ चालेल पण कडेच्या रांगेत जवळ जवळच पाहिजेत. खालचे पाइप किंवा अँगल एकमेकांपासून चार फुटांपेक्षा लांब नकोत. आणि ते पाइप भिंतीत नीट अडकवलेले आहेत का तेही बघा, कारण पत्रा पाइपाला घट्ट आणि पाइप भिंतीवर नुसता टेकलेला असला तर अख्खा सांगाडाच उचलला जातो, हे आमच्या गल्लीतच झालंय. जुन्या घरात जे-हुक, म्हणजे पत्रा पाइपाला धरणारे वाकडे बोल्ट असतात, त्यांचे नट ढिले होतात आणि रबराचा वायसर इथल्या उन्हात दोन-चार वर्षांत बिस्किटासारखा फुटतो, मग हुकाच्या भोकातून पाणीही येतं आणि पत्रा खडखडायलाही लागतो. रात्री साध्या वाऱ्याला पत्रा वाजत असेल तर समजा तो सुटायला लागलाय. वायसर बदलायला फार पैसे लागत नाहीत, फॅब्रिकेशनवाल्याचा अर्धा दिवस.

वरती दगड, टायर, विटा ठेवायची पद्धत सगळीकडे दिसेल. माझ्या घरमालकानंही तेच केलं होतं, नवीन पत्रे टाकून वर दगड. कृपा करून करू नका आणि करूही देऊ नका. पत्रा उचलला की तो दगड खाली कुणाच्या तरी डोक्यावर येतो.

नवीन पत्रा टाकायचा असेल तर अर्धा मिलिमीटर जाडीचा मागा, पातळ स्वस्त पडतो पण स्क्रूभोवतीच फाटतो, म्हणजे स्क्रू जागेवर आणि पत्रा गेलेला. जोडाची उघडी कड वाऱ्याच्या उलट्या बाजूला राहील असे पत्रे चढवायला सांगा, पावसाळी वारा इथे पश्चिमेकडूनच जास्त येतो. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यावर पाय देऊ नका, वरून दणकट दिसतात आणि पाय टाकला की माणूस थेट घरात. फळी टाकूनच चढायचं आणि फळी खालच्या आधारावर टेकली पाहिजे. ते पत्रे कोरडे कापूही नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत गेलेली वाईट.

आता वेळेचं सांगतो, कारण खरी चूक इथेच होते. कोकणात आम्ही घर शाकारायचो ते मेमध्ये, पाऊस जूनमध्ये येणार म्हणून. इथे तो हिशोब चालत नाही. इथे काम आखाजीच्या आधी संपलं पाहिजे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात दिवाळीएवढा मोठा सण, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि मिस्त्री, मजूर सगळे गावाला जातात. मग लग्नं. मग मेअखेर बागायती कापसाची लागवड आणि मृगानंतर पेरण्या, माणूस मिळत नाही, मिळाला तर घाईघाईनं हात फिरवून जातो. आणि वादळं तर मेमध्येच सुरू.

स्लॅबवाल्यांना वाटतं आपण सुटलो. वाऱ्यापासून सुटलात, उन्हापासून नाही. मेमध्ये इथे पारा ४५ पर्यंत जातो, दिवसभर स्लॅब तापून फुगतो आणि वळवाचं पाणी पडलं की एकदम आकसतो, असं वर्षानुवर्षं झालं की केसासारख्या भेगा पडतात, जास्त करून पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या भिंतीच्या बुडाशी. तो जोड गोलसर भरलेला पाहिजे, मिस्त्री लोक त्याला वाटा म्हणतात. भेग नुसती वरून लिंपू नका, छिन्नीनं थोडी खोलून, साफ करून, भरून मग वर पांढरं कोटिंग, एक हात उभा, एक आडवा. आणि हे काम सकाळी लवकर. दुपारच्या तापलेल्या स्लॅबवर मारलेलं कोटिंग फुगे धरतं आणि पुढच्या वर्षी पापुद्र्यासारखं निघतं, माझं निघालंय. काळी डांबरी शीट इथे मला पटत नाही, खालच्या खोलीची भट्टी होते. पांढऱ्यानं गळतीही थांबते आणि पंख्याखाली झोपता तरी येतं.

गच्चीचा पाइप मात्र स्वतः बघा. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंबाचा पाला झडतो, वादळात वर धूळ येते, पहिल्या सरीत दोन्हीचा चिखल होऊन पाइप बुजतो आणि गच्चीचा हौद होतो. घर विकत घेत असाल तर पाइपाला बोळा लावून गच्चीवर दोन इंच पाणी २४ तास उभं करायला सांगा, मालक नाही म्हणाला तर मग वरच्या मजल्यावर पंख्याच्या हुकाभोवती पिवळे डाग बघा, आणि फक्त छतालाच ताजा रंग मारलेला दिसला तर का मारला ते विचारा. भाड्याचं असेल तर ११ महिन्यांच्या करारात गळतीचा खर्च कोणाचा हे लिहून घ्या, तोंडी नको.

हल्ली सोलर सगळेच बसवतायत, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे म्हणून. बसवा, पण पॅनल म्हणजे वाऱ्याला मोठं शीडच, आणि स्टँडसाठी स्लॅबला पाडलेली भोकं नीट बंद केली नाहीत तर तिथूनच गळणार. स्टँड वाऱ्यात कसा टिकणार आणि भोकं कशी बंद करणार, हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचाराच.

यावल-चोपड्याकडे किंवा धुळे बाजूला खेड्यात राहायला जाणार असाल तर धाब्याचं घर मिळू शकतं, लाकडाच्या खांडांवर मातीचं सपाट छत. नाक मुरडू नका, उन्हाळ्यात त्याच्यासारखं गार घर नाही. पावसाआधी त्यावर खारी टाकतात, पांढरी खारवट माती, ती भिजली की तिचे कण पसरून बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. फक्त एक, दरवर्षी जुन्यावर नवीन थर चढवत गेलं की वजन वाढतं. दहा बाय दहाच्या खोलीवर सहा इंच माती म्हणजे कोरडीच दोन टनांच्या पुढे, भिजली की अजून जास्त. म्हणून आधी जुनी खरवडून मग नवीन टाकायची, आणि खांडांना वाळवी लागलीय का ते टोचून बघायचं. वर उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटा.

वादळ येताना दिसलं की गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी भरून घ्या, रिकामी टाकी उडते. वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या बंद, मेन स्विच बंद. पत्रा उडतोय म्हणून धरायला वर चढायचं नाही, कोणीही सांगितलं तरी. विजांसाठी मोबाइलमध्ये दामिनी अ‍ॅप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलंय, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की सांगतं. तार तुटून पत्र्यावर पडली असेल तर भिंतीलाही हात लावू नका, १९१२ ला फोन करा.

आणि नुकसान झालंच तर आवरायच्या आधी फोटो काढा, आतून-बाहेरून, मग तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये ठरवले होते. तेवढ्या पैशात नवे पत्रे येत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण पंचनामा असला की कागद हातात राहतो. मी पहिल्या वर्षी आधी सगळं झाडून-पुसून घेतलं आणि मग तलाठ्याकडे गेलो, दाखवायला काहीच उरलं नव्हतं.