‘माह्या पोरानं केलं नाही’ एवढ्यावर अपील सुटत नाही : या चुका टाळा

नागपूरला हायकोर्टात अपिलाची तारीख होती. पहाटेच्या एसटीने एक म्हातारी माझ्यासोबत आली. पोरगा जन्मठेपेवर अमरावतीच्या जेलात. पोराला कोर्टात आणतील म्हणून तिने डबा बांधून घेतला होता. त्याला आणलं नाही. अपिलाला सहसा आणतच नाहीत. दोन न्यायमूर्ती, समोर जाड पेपरबुक (खटल्याच्या सगळ्या कागदांची बांधीव प्रत), आणि वकील पान नंबर सांगताहेत. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काहो वकीलसाहेब, त्याईनं माह्या पोराले काई इचारलंच नाई. तुनं केलं का नाई, येवढं तं इचारा लागत होतं."

अपिलात तो प्रश्न नसतोच. खालच्या कोर्टात जो पुरावा आला, त्यावरून गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला का, आणि तसं करताना कायदा पाळला का, एवढंच पाहतात. हायकोर्ट पहिल्या अपिलात सगळा पुरावा नव्याने वाचतं, हे खरं. पण वाचतं ते रेकॉर्डवर आहे तेच. सर्वोच्च न्यायालय तर विशेष परवानगीच्या अर्जात पुरावा सहसा उकरतच नाही. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना मी ज्या चुका पाहिल्या, त्या बहुतेक शिक्षा लागायच्या आधीच घडून गेलेल्या होत्या.

‘दंड भरा, मोकळे व्हा’

वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे. दारूच्या, जुगाराच्या, जंगलातल्या लाकडाच्या लहानसहान केसेस रोज उभ्या राहतात. कोणीतरी सांगतं, कबूल करून टाक, पाचशेत भागते. गुन्हा केलेला नसतानाही पोरगा मान हलवतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 416 प्रमाणे गुन्हा कबूल केल्यावर लागलेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही. फार तर शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही, एवढंच म्हणता येतं. दोन वर्षांनी तोच पोरगा पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतो, मैदानी पास होतो, आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. मग घरचे माझ्याकडे येतात. कबुली खरोखर समजून दिली होती का यावर थोडं भांडता येतं, पण ती वाट फार अरुंद आहे.

उलटतपासणीत न विचारलेला प्रश्न

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. खुनाच्या केसमध्ये पोलीस म्हणतात, आरोपीने वावरातून कुऱ्हाड काढून दिली. पंच गावातलेच. गावाला ठाऊक असतं की पंचनामा वावरात झालाच नाही, ठाण्यात बसून लिहिला आणि पंचांनी चहा पिऊन सह्या केल्या. (पंच म्हणून न वाचता सही करणाऱ्यांनो, तुमची सही शेजाऱ्याला जेलात पोचवू शकते.) पण गावाला ठाऊक असून काय उपयोग? पंचाला पिंजऱ्यात विचारायला हवं : वावरात किती वाजता पोचलात, कोणाच्या गाडीने, धुऱ्यावर कोणतं झाड होतं, लिहिलं कोणी. हे विचारलं नाही, तर हायकोर्टात वकिलाच्या हाती काही राहत नाही. म्हणून तारखेच्या आधी वकिलाला वावर दाखवा. फी दिली म्हणजे वकिलाला सगळं समजलं असं होत नाही, हे मी स्वतः वकील असून सांगतो.

दुसरी गोष्ट आरोपीच्या जबाबाची. पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याच संहितेच्या कलम 351 खाली आरोपीला एकेक मुद्दा विचारतात. आपली माणसं सगळ्याला ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ म्हणून येतात. आरोपीला थेट विचारलं जाणारी जागा हीच. त्या दिवशी तुम्ही कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर होतात, तर ते इथेच सांगा आणि काटापट्टी बचावाचा पुरावा म्हणून द्या; जिनिंगचा काटेवाला साक्षीला आणा. ‘मी तिथे नव्हतोच’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. एसटीच्या तिकिटावरची शाई चार-सहा महिन्यांत उडते, म्हणून लगेच झेरॉक्स काढा आणि मूळ तिकीटही ठेवा. मोबाईलचे कॉल रेकॉर्डही कंपनी कायम ठेवत नाही, ते मागवायचा अर्ज खटला चालू असतानाच करा. अपिलात जादा पुरावा घ्यायची सोय कलम 432 मध्ये आहे, पण तेव्हा हाताशी असलेला कागद का दिला नाही, याचं उत्तर द्यावं लागतं.

शिक्षेनंतरचं शपथपत्र

साक्षीदार मागाहून पस्तावतो. तंटामुक्तीच्या बैठकीत समेट होतो, शंभराच्या स्टॅम्पवर ‘मी खोटी साक्ष दिली’ असं लिहून मिळतं. घरच्यांना वाटतं, सुटलाच. शपथेवर दिलेली आणि उलटतपासणी झालेली साक्ष अशा कागदाने सहसा पुसली जात नाही. उलट साक्षीदारावरच खोट्या साक्षीचं बालंट येतं. खुनाचा गुन्हा गावाने मिटवता येत नाही.

मुदत

सेशनच्या शिक्षेवर हायकोर्टात अपिलाला 60 दिवस, फाशी असेल तर 30. नकलेला लागलेले दिवस वजा होतात. कैदेच्या शिक्षेत निकालाची एक नक्कल फुकट मिळते. पैसा नसेल तर वावर विकू नका : कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, जेल अधीक्षकांमार्फत अपील जातं. खटल्याच्या वेळी लोक अभिरक्षक कार्यालय (आरोपींना मोफत वकील देणारं सरकारी कार्यालय) गाठा, किंवा मोफत कायदेशीर मदतीच्या 15100 वर फोन करा. अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा अर्जही लावा. नुसत्या अपिलाने जामीन होत नाही.

‘वयाचं आता काय?’

आता काय नाही, कधीही. गुन्ह्याच्या दिवशी वय 18 च्या आत होतं हा मुद्दा शेवटच्या निकालानंतरही मांडता येतो. नागपूर मध्यवर्ती कारागृहातून मार्च 2023 मध्ये एक कैदी 28 वर्षांहून जास्त काळाने सुटला. पुण्यातल्या 1994 च्या हत्याकांडात त्याला फाशीची शिक्षा झाली होती. राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून गुन्ह्यावेळी तो साडेबारा वर्षांचा ठरला. त्याने गुन्हा केला की नाही, हा प्रश्न तिथे पुन्हा उघडलाच नाही. तेव्हा जिल्हा परिषद शाळेतला दाखल-खारीजचा उतारा आजच काढून ठेवा.

एकाच तांत्रिक मुद्द्यावर विसंबणं

दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 2017 साली शिक्षा दिली. ऑक्टोबर 2022 मध्ये नागपूर खंडपीठाने खटला चालवायची सरकारी मंजुरी सदोष म्हणून त्यांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती दिली आणि 2023 मध्ये अपील पुन्हा ऐकायला पाठवलं. 5 मार्च 2024 रोजी खंडपीठाने मंजुरीसोबत पुरावाही तपासून सोडलं. एक सहआरोपी तोवर कोठडीतच वारला होता.

‘निर्दोष’ शब्दाकडून फार अपेक्षा

2003 च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा जणांची फाशी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पक्की झाली. त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. तो धागा तपासात सोडून दिलेला. त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन 2019 मध्ये सहाही जणांना सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले. ही भरपाई त्या निकालापुरती. चुकीच्या शिक्षेच्या भरपाईचा कायदा करा, असं विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात सुचवलं, पण तो झालेला नाही. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून मिळणारी भरपाई आजही जास्तीत जास्त 1000 रुपये आहे. तेवढ्यात नागपूरच्या चार तारखाही होत नाहीत.

बहुतेक सुटका ‘संशयाचा फायदा’ देऊन होते, आणि भरतीवाले त्या दोन शब्दांवर बोट ठेवतात. म्हणून निकालाच्या तीन-चार प्रमाणित नकला काढा, एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, आणि पुढे कोणत्याही फॉर्मवर ‘गुन्हा दाखल होता का’ या रकान्यात ‘नाही’ लिहू नका. केस लपवली म्हणून नोकरी गेलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांची मूळ केस केव्हाच सुटलेली होती.