मखमलीतलं सांबर टिपायला ताडोबात निघण्याआधी

सांबराच्या नराची मखमलीतली शिंगं टिपायची असतील तर आधी महिना ठरवा, कॅमेऱ्याचं नंतर बघू. मध्य भारतात बहुतेक नरांची जुनी शिंगं उन्हाळ्यात गळतात. नवी लगेच फुटायला लागतात, पावसाळाभर त्यांच्यावर केसाळ कातडी असते (हीच मखमल), आणि माजाच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, नर ती झाडाझुडपांवर घासून उतरवतो. डिसेंबरच्या सुट्टीत गेलात तर कडक, साफ झालेली शिंगंच मिळतील. चितळाचं गणित वेगळं, त्यांची मखमल थंडीत जास्त दिसते. म्हणून 'हरणांचा सीझन अमुक' असं कुणी सरसकट सांगितलं की आधी विचारा, कुठल्या हरणांचा?

ताडोबाचं कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, ३० जूनपर्यंत उघडं असतं. मृगाच्या आगेमागे जा. शिंगं बऱ्यापैकी वाढलेली असतात, आणि पाऊस लांबला असेल तर सांबरं तलाव सोडत नाहीत. सगळे नर एकाच वेळी शिंगं टाकत नाहीत. एकाच पाण्यावर एकाचे वीतभर कोंब आणि दुसऱ्याला फाटे फुटलेले, असंही दिसतं. त्यामुळे एकाच सफारीवर सगळी भिस्त ठेवू नका. मंगळवारी कोअर बंद, हे तिकीट काढण्याआधी बघा.

मूळ ओळखपत्र, बॅटऱ्या, कार्डं, पाणी. यावर बोलायला नको.

आता बीन बॅग, म्हणजे लेन्सखाली ठेवायची दाण्यांनी भरलेली पिशवी. सफारीच्या उघड्या जिप्सीत ट्रायपॉड उभा राहत नाही, मोनोपॉड मधे येतो. उरतो तो गाडीचा लोखंडी दांडा, आणि जूनमध्ये तो असा तापतो की हात टेकवत नाही. त्यावर बीन बॅग हवीच. माझी मागच्या खेपेला घरी राहिली. तेलिया तलावाच्या काठावर नर समोर उभा होता, उजेड मिळाला होता, आणि घरी येऊन पडद्यावर पाहिलं तर शिंगांवरची लव एकाही फोटोत नव्हती, नुसता तपकिरी लेप. नुसतं सांबर टिपायचं असतं तर ते फोटो चालले असते. मखमलीचे केस इतके बारीक आणि आखूड असतात की हात किंचित हलला तरी पहिल्यांदा तेच पुसले जातात. बाकी अंग ठीक दिसतं, म्हणून छोट्या स्क्रीनवर चूक कळतही नाही.

पिशवी विकत घ्यायची गरज नाही. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवा, दुसऱ्याला नाडी किंवा चेन लावा. प्रवासात रिकामी न्या. मोहर्लीत किंवा चंद्रपुरात किराणा दुकानातून दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरा, परतताना तो मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघरात द्या. काठोकाठ भरू नका, लेन्सला बसायला मधे खोबण पडली पाहिजे. आणि रात्रीच भरून दाराशी ठेवा. पहाटे चार वाजता तांदूळ कुठे मिळणार? दुपट्ट्याची घडी करून बघू, असं म्हणाल. मीही केलं. घडी दबते, लेन्स घसरते. बीन बॅग न्या.

दुसरं महत्त्वाचं, गाइड आणि ड्रायव्हरशी बोलणं, आणि तेही गेटच्या आत जाण्याआधी. ताडोबात सांबर हा वाघाची खबर देणारा प्राणी. त्याने पाय आपटला, शेपटी उभी केली, 'पोंक' केलं की गाडी त्या आवाजाच्या दिशेने सुटते आणि तुमचा नर मागे राहतो. स्पष्ट सांगा: 'दादा, आम्हाला सांबराचा नर पाहिजे, शिंगावर लव असलेला. वाघासाठी गाडी पळवू नका.' हेही सांगा की नर दिसला की गाडी लांबच थांबवायची आणि इंजिन बंद करायचं. चालू इंजिनाची थरथर दांड्यातून लेन्सपर्यंत येते. बीन बॅग ती बरीच खाते, सगळी नाही. गाडीत अनोळखी लोक असतील तर हे जमणार नाही, त्यांना वाघच हवा असतो आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आपल्यासारखेच चौघं-पाच जण जमवा.

जवळ जाण्याचा हट्ट धरू नका. मखमलीखाली रक्तवाहिन्या आणि नसा असतात, शिंग गरम आणि हुळहुळं असतं. नर बिथरून बांबूत घुसला तर त्या कोवळ्या शिंगालाच इजा होऊ शकते. प्राणी मोठा, खांद्याशी पाच फुटांच्या आसपास. चारशे मिलिमीटरची लेन्स पुष्कळ झाली.

उजेड मागून किंवा तिरका हवा. सूर्य नराच्या मागे असला की शिंगाच्या कडेने लव पेटल्यासारखी उजळते, टोकं अजून गोल आणि फुगलेली असतात, त्यांच्यावर बसलेल्या माश्यासुद्धा वेगळ्या दिसतात. समोरच्या उन्हात यातलं काही राहत नाही. मागे पाणी किंवा वाळलेलं पिवळं गवत घ्या, काळपट झाडीसमोर शिंगं हरवतात. अंग गडद असल्याने कॅमेरा फोटो उजळ करू पाहतो, एक्स्पोजर थोडं खाली आणा. फोकस डोळ्यावर. तोंड आपल्याकडे असेल तर लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवा, नाहीतर शिंगांची टोकं मऊ पडतात. शटर परवडेल तितका वेगवान, आणि लेन्स पिशवीवर दाबून धरा. पिशवीवर. नऊनंतर जमिनीवरून वाफा उठतात, लांबचा फोटो थरथरतो. मग कॅमेरा ठेवून नुसतं बघा.

लेन्स गाडीत बदलू नका, धूळ. मोबाइल आत नेता येत नाही, घड्याळ आणि कागद-पेन ठेवा. रेनकव्हर, मृगाचा भरवसा नाही. गळून पडलेलं शिंग दिसलं तरी उचलायचं नाही, कायद्याने गुन्हा आहे.

परतल्यावर कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा. फाइलच्या नावात तारीख आणि शिंगाची अवस्था लिहा: कोंब, दोन फाटे, पूर्ण. पुढच्या वर्षीचं बुकिंग त्यावरून करा.