सोसायटीत जिम हवी की बाग? सभासदांचं मत नीट कसं घ्यायचं

व्हॉट्सॲप ग्रुपवर "जिम / बाग / क्लब हाऊस / स्विमिंग पूल" असा पोल टाकला की मत घेऊन झालं असं बऱ्याच कमिट्यांना वाटतं, आणि वर्षभराने त्याच जिममध्ये कुणीतरी घरातली जुनी गादी आणून ठेवलेली असते. पोलचा प्रॉब्लेम असा की कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे चेअरमन साहेबांनी जिथे बोट ठेवलं तिथे पटापट मतं पडतात, एकाच घरातून नवरा-बायको-मुलगा तिघंही मत देऊन मोकळे होतात आणि पाचव्या मजल्यावरच्या काकू ग्रुपवरच नसतात. शिवाय पोलमध्ये पैसे लिहिलेले नसतात. फुकट मिळत असेल तर मलाही स्विमिंग पूल हवाय!

तर लोकांची हौस विचारण्यापेक्षा त्यांची संध्याकाळ कुठे जाते ते विचारा आणि प्रत्येक पर्यायाशेजारी रुपये लिहा, बाकी सगळं यातूनच येतं. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीला धरून लिहिलंय.

1. आधी आहे ते कोण वापरतं ते बघा

नवीन काही आणायच्या आधी एक आठवडा फक्त मोजा. गेटवरच्या वॉचमनला एक वही द्या, सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ, या चार वेळांना बागेत, क्लब हाऊसमध्ये, घसरगुंडीपाशी, कट्ट्यावर किती माणसं आहेत तेवढा आकडा लिहायचा. नावं नकोत, नाहीतर लोक म्हणतील पाळत ठेवताय. यातून भलत्याच गोष्टी कळतात, म्हणजे बाग दिवसभर रिकामी असते कारण सगळी बाकडी उन्हात आहेत, किंवा संध्याकाळी सहाला तिथे एवढी गर्दी असते की लहान पोरं पार्किंगमध्ये खेळतात. पहिल्या केसमध्ये उत्तर नवीन बाग नाही, चार बाकडी उचलून सावलीत ठेवणं आहे, आणि त्याला ठराव वगैरे काही लागत नाही.

याच आठवड्यात मंजूर नकाशाची कॉपी काढून ठेवा. मोठ्या प्लॉटवर मोकळी जागा सोडावीच लागते (मुंबई सोडून राज्यात बऱ्याच ठिकाणी यूडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, त्यात 0.4 हेक्टर म्हणजे साधारण एक एकर आणि त्यावरच्या ले-आऊटला 10 टक्के) आणि तिथे वाटेल ते बांधता येत नाही. मध्ये झाड येत असेल तर ते तोडायलाही पालिकेची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे त्यासाठी. लोकांना सहा महिने स्वप्न दाखवायचं आणि मग आर्किटेक्टने येऊन सांगायचं की इथे शेड टाकताच येणार नाही, असं करू नका. बिल्डरकडून अजून हँडओव्हर झालं नसेल तर त्याने जे कबूल केलंय ते आधी त्याच्याकडूनच वसूल करा, स्वतःच्या खिशातून कशाला करताय.

2. मग प्रत्येक गोष्टीची किंमत, एकदाची आणि दर महिन्याची

इथेच बहुतेक ठिकाणी गडबड होते, कारण लोक मशीन आणायचा खर्च धरतात आणि चालवायचा विसरतात. समजा 80 फ्लॅटची सोसायटी आहे आणि जिमला 8 लाख लागणार आहेत, म्हणजे फ्लॅटमागे 10,000 एकदाच. पण लाईट, साफसफाई, मशीनचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), ट्रेनर मिळून महिन्याला 20,000 जाणार असतील तर फ्लॅटमागे 250 रुपये दर महिन्याला, कायमचे. लोकांसमोर हे दोन्ही आकडे ठेवा.

स्विमिंग पूलचं तर गणित मांडूनच दाखवा. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल, एवढासा पूल म्हणजे 60,000 लिटर पाणी, दहा हजार लिटरच्या टँकरने भरायचा तर सहा टँकर, आणि त्यात बाष्पीभवन आणि फिल्टर धुवायला जाणारं पाणी धरलेलंच नाही. पुण्यात किंवा ठाण्यात एप्रिल-मेमध्ये ज्या सोसायट्या प्यायच्या पाण्याला टँकर मागवतात त्यांनी यावर किती वेळ घालवायचा ते ठरवावं. वर रोज क्लोरीन आणि पीएच बघायला माणूस हवा (पीएच साधारण 7.2 ते 7.8 मध्ये ठेवतात) आणि पोहायच्या वेळात लाईफगार्ड हवा. माझं मत सांगायचं तर शंभर फ्लॅटच्या आतल्या सोसायटीने पूलच्या नादी लागू नये.

अजून एक कुणाच्या लक्षात येत नाही ते म्हणजे जीएसटी. सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर असेल आणि सभासदामागे मेंटेनन्स महिना 7,500 च्या वर गेला तर 18 टक्के जीएसटीचा प्रश्न येतो. म्हणजे आज 7,300 मेंटेनन्स आहे आणि जिमचे 250 चढले की तुम्ही रेषेच्या पलीकडे! यात काय धरायचं काय नाही ते सोसायटीच्या सीएला आधीच विचारून घ्या. आणि सिंकिंग फंडाकडे बघूसुद्धा नका, तो इमारतीच्या मोठ्या, स्ट्रक्चरल कामांसाठी असतो, ट्रेडमिलसाठी नाही.

3. फॉर्म: प्रश्न कसे लिहायचे

"तुम्हाला क्लब हाऊस हवं का?" याला हो सोडून दुसरं उत्तरच येत नाही. त्याऐवजी असं विचारा:

– घरात कोण कोण आहे, वयाच्या गटाने (6 च्या आत, 6 ते 12, 13 ते 18, मोठे, साठीच्या पुढचे)
– गेल्या महिन्यात घरातलं कोण व्यायामाला, खेळायला किंवा फिरायला बाहेर गेलं, कुठे गेलं, किती वाजता, आणि त्याला किती पैसे मोजता
– सोसायटीतली कुठली जागा तुम्ही टाळता आणि का
– खालच्या यादीतल्या कुठल्या गोष्टीसाठी एकदाचे इतके आणि महिन्याला इतके द्यायला तयार आहात (यादीत शेवटचा पर्याय "काही नको, मेंटेनन्स वाढवू नका" हा पाहिजेच पाहिजे)
– ही गोष्ट तुमच्या खिडकीखाली आली तर चालेल का

दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. जो माणूस आत्ता बाहेरच्या जिमला पैसे भरून नियमित जातोय तो उद्या खाली जिम झाली तर वापरेल, पण जो कुठेच जात नाही आणि "घराखाली असती तर गेलो असतो" म्हणतो त्याच्या मतावर आठ लाख लावू नका. आणि "का टाळता" या प्रश्नाची उत्तरं शांतपणे वाचा. तिथेच कळतं की मागच्या बाजूला दिवा नाही म्हणून बायका संध्याकाळी चालायला जात नाहीत, किंवा तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना बसायला जागाच नाही कारण मोकळी जागा सगळी क्रिकेटवाल्या पोरांनी धरलेली असते. असल्या गोष्टी एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) हात वर करून कुणी सांगत नाही.

जाता जाता, त्याच फॉर्ममध्ये घरकाम करणाऱ्या ताई आणि वॉचमन यांच्यासाठी खाली टॉयलेट आहे का, चालू आहे का, हेही विचारा. क्लब हाऊसला इटालियन टाईल्स लावणाऱ्या सोसायटीत ते नसतं, असं बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतं.

एका फ्लॅटला एकच फॉर्म. भाडेकरूंकडूनही भरून घ्या पण वेगळ्या रंगाच्या कागदावर, कारण रोजचा वापर त्यांचा आहे आणि ठरावावर मत मालकाचं. जे मालक बाहेरगावी नाहीतर परदेशात आहेत त्यांना गूगल फॉर्म पाठवा, बाकीच्यांना कागदच बरा, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक मजल्यावरच्या एकाने दार वाजवून गोळा करायचा. कमिटीतल्या माणसाने शक्यतो जाऊ नये, सेक्रेटरी दारात उभा असला की कोण लिहिणार की जिम नको म्हणून. मुलांना वेगळा कागद द्या आणि चित्र काढायला सांगा, आईबाप मुलांच्या नावाने स्वतःचीच यादी भरतात.

4. भांडण जागेचं कमी, वेळेचं जास्त

उत्तरं आली की ती तासांप्रमाणे मांडा. संध्याकाळी सहा ते आठ या दोन तासांत आजोबांना शांतपणे बसायचंय, पोरांना सायकल फिरवायचीय, बायकांना चालायचंय आणि आता तर सगळीकडे पिकलबॉलचं खूळ शिरलंय. बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्ट आणि पिकलबॉलचं कोर्ट मापाने सारखंच, 44 फूट बाय 20 फूट, फरक नेटचा, बॅडमिंटनला मध्यभागी 5 फूट आणि पिकलबॉलला 34 इंच, त्यामुळे एकाच जागेत दोन्ही बसवता येतात, फक्त पिकलबॉलच्या आतल्या रेषा वेगळ्या रंगाने मारायच्या आणि वरखाली होणारं नेट घ्यायचं. पण ते प्लॅस्टिकचा बॉल बॅटवर आपटल्याचं टॉक टॉक टॉक पहिल्या-दुसऱ्या मजल्याला तासभर ऐकावं लागतं, आणि ज्यांच्या घरी दहावीचं पोर आहे ते मग खाली येतात तावातावाने. म्हणून पक्कं काही बांधायच्या आधी दोन महिने चुन्याने रेषा मारून आणि फिरतं नेट लावून बघा, वेळा लिहून बोर्ड लावा, आणि खिडकीखालच्या चार फ्लॅटना दर आठवड्याला जाऊन विचारा. रात्री दहाला सगळं बंद, निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे.

गणपतीचा मांडव आणि नवरात्रातला गरबा त्याच जागेत होणार का, हेसुद्धा आत्ताच विचारा. रबरी फ्लोअरिंग टाकल्यावर त्यात मांडवाचे बांबू रोवायला निघाले की जी भांडणं होतात ती पुढची तीन वर्षं पुरतात.

5. ठराव

सर्व्हे म्हणजे निर्णय नाही, निर्णय सर्वसाधारण सभेचा. एजीएम 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) 14 पूर्ण दिवसांची नोटीस लागते, तेव्हा सर्व्हे जून-जुलैमध्येच उरका आणि निकालाचं एक पान नोटिशीलाच जोडा. विषय अजेंड्यावर स्पष्ट लिहा, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" मध्ये आठ लाख घुसवू नका, कुणीतरी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन जाणारच. कोरम, म्हणजे सभेला किमान हजर हवेत इतके सभासद, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20 यातलं जे कमी असेल ते, म्हणजे 80 फ्लॅटमध्ये वीस जण सगळ्यांचं ठरवू शकतात, म्हणून तर आधीचा सर्व्हे एवढा महत्त्वाचा.

ठरावात रक्कम, प्रत्येकी वर्गणी, तीन कोटेशन, देखभाल कोण बघणार आणि पुन्हा आढावा कधी, एवढं सगळं असू दे. मोठ्या फ्लॅटने जास्त द्यायचे का हा वाद येतोच. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखं असतं, पण तुमचं 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं अपार्टमेंट असेल तर सामायिक खर्च ज्याच्या त्याच्या सामायिक मालमत्तेतल्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे जातो, तेव्हा आधी आपण नक्की काय आहोत ते कागद काढून बघा. आणि कमिटी विषयच घेत नसेल तर एक पंचमांश सभासद सह्या करून विशेष सभा मागू शकतात.

6. सहा महिन्यांनी परत वही

सुरू झालं की तीच वॉचमनची वही पुन्हा काढायची, त्याच चार वेळा, एक आठवडा, आणि आकडे नोटीस बोर्डवर लावायचे. जिममध्ये रोज दोनच जण येत असतील तर ट्रेनर बंद करा, दोन मशीन विकून टाका आणि त्या जागेत टेबल टेनिस नाहीतर कॅरम ठेवा. विकायच्या मशीनची बिलं आणि वॉरंटी कार्ड खजिनदाराकडे फाईलला आहेत ना ते मात्र पहिल्याच दिवशी बघून ठेवा, नंतर ती कुणालाच सापडत नाहीत.