रंकाळ्यावर प्रकल्प लिहिताय? ‘युट्रोफिकेशन’ लिहिताना या चुका टाळा

कोल्हापुरात पर्यावरणाचा प्रकल्प म्हटलं की रंकाळा तलाव ठरलेला. आणि रंकाळ्याच्या केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, कारण लिहायला घेतलं की ‘युट्रोफिकेशन’ (पाण्यात पोषकद्रव्यं वाढत जाणं) हा शब्द गाठतोच. नेमका तिथेच घोळ होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘अॅट्रोफिकेशन’ किंवा ‘एट्रोफिकेशन’ लिहिणं. ‘अॅट्रोफी’ हा वैद्यकातला वेगळा शब्द आहे. प्लास्टरमध्ये राहिलेल्या हाताचे स्नायू रोडावतात, ती अॅट्रोफी. आपल्या शब्दाचा अर्थ बरोबर उलटा. ग्रीक ‘ट्रोफी’ म्हणजे पोषण आणि ‘यु’ म्हणजे चांगलं, भरपूर. एक अक्षर चुकलं की भरपेट तळं उपाशी ठरतं!

इंग्रजी स्पेलिंग ‘ई’ आणि ‘यू’ या दोन अक्षरांनी सुरू होतं. म्हणून कुणी ‘इयुट्रोफिकेशन’ म्हणतं, तर कुणी स्पेलिंगमधला ‘ई’च गाळतं. युकॅलिप्टसचं स्पेलिंग आठवा, सुरुवात तीच आहे. ‘फि’साठी मात्र एफ नाही, पीएच. उच्चार यु-ट्रो-फि-के-शन, जोर ‘के’वर.

मराठीत कुणी ‘सुपोषण’ लिहितं, कुणी ‘अतिपोषण’. मला ‘अतिपोषण’ बरा वाटतो. ‘सुपोषण’ वाचलं की अंगणवाडीतला आहार डोळ्यांसमोर येतो आणि तळ्याचं काही तरी भलं झालं असं वाटतं.

आता अर्थ. केंदाळ म्हणजे युट्रोफिकेशन नव्हे. ते त्याचं दिसणारं लक्षण. मूळ क्रिया म्हणजे पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस ही पोषकद्रव्यं वाढत जाणं. नाल्यांतून येणारं सांडपाणी आणि साबण-पावडर ही त्यांची मोठी वाट. नदीकाठी उसाच्या शेतातून वाहून येणारं खतही तेच काम करतं. गोड्या पाण्यात बहुतेकदा फॉस्फरसच निर्णायक ठरतो. कॅनडातल्या ऑन्टारिओत १९७३ साली शास्त्रज्ञांनी २२६ क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली.

“पाणी हिरवं आहे, म्हणजे ऑक्सिजन भरपूर” हे वाक्यही प्रकल्पात नको. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं हे खरं, पण रात्री तेच तो वापरतं. मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणू उरलासुरला संपवतात. म्हणून विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात. नमुना दुपारी घेतलात तर तळं ठणठणीत वाटेल.

‘उपाय’ या मथळ्याखाली नुसतं “केंदाळ काढावे” लिहून थांबू नका. केंदाळ काढून काठापासून दूर नेलं तर त्याच्यासोबत थोडा फॉस्फरस बाहेर जातो. काठावरच कुजू दिलं तर परत पाण्यात उतरतो. शिवाय तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा साठा असतो. तळाशी ऑक्सिजन संपला की तोही वर येऊ लागतो. त्यामुळे आधी नाले अडवणं, मग गाळ, मग केंदाळ असा क्रम लिहा. आणि तळ्याचा नकाशा जोडणार असाल, तर पाणी येण्याच्या जागा त्यावर जरूर दाखवा.